धीर देण्यापलीकडचा उपचार : मंत्रचळ, भीती आणि आपली सांत्वनाची सवय

एखाद्या आजारावर उपचारच सापडलेला नसेल, तर आपण संशोधनाची वाट पाहतो. उपचार आहे पण तो परवडत नाही, असे असेल तर किंमत कमी करण्याची मागणी करतो. पण उपचार सापडून अर्धशतक उलटले आहे, त्याला यंत्र लागत नाही की शस्त्रक्रिया लागत नाही, देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याची शिफारस केलेली आहे, आणि तरीही बहुतेक रुग्णांच्या कानावर त्याचे नावसुद्धा पडत नाही, अशा वेळी मागायचे काय? 'ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर' या आजाराची भारतातली स्थिती आज अशी आहे. बोलण्यात आपण त्याला ओसीडी म्हणतो. मराठीत त्यासाठी 'मंत्रचळ' हा शब्द रूढ आहे. उपचार पोहोचत नाही याचे कारण विचारले की तज्ज्ञांच्या टंचाईकडे बोट दाखवले जाते. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. दुसरे कारण आपल्या घरात आणि दवाखान्यात, आपल्या चांगुलपणातच दडलेले आहे, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही.

आधी आजार समजून घेऊ. 'मला सगळे नीटनेटके लागते, मी जरा ओसीडी आहे' असे सहज म्हटले जाते. नीटनेटकेपणाची आवड आणि हा आजार यांचा संबंध फार थोडा आहे. मंत्रचळात नको असलेला विचार, शंका किंवा दृश्य मनात पुनःपुन्हा घुसते : हाताला काहीतरी लागले असेल, गॅस उघडा राहिला असेल, देवापुढे उभे असताना मनात घाणेरडा शब्द आला, हातातली सुरी आपण बाळाला तर मारणार नाही ना. तो विचार आपल्या स्वभावाशी विसंगत आहे हे रुग्णाला बहुधा कळत असते, आणि म्हणूनच तो अधिक घाबरतो. ती घबराट शमवण्यासाठी तो काहीतरी करतो. हात धुतो, बटण पुन्हा तपासतो, मनातल्या मनात नाव घेतो, आईला विचारतो. क्षणभर बरे वाटते, शंका परतते, आणि तीच कृती पुन्हा करावी लागते. दिवसाचे कित्येक तास या चक्रात जाऊ शकतात. अभ्यास, नोकरी, लग्न, सारे काही त्याच्या कडेला उभे राहते.

भारतीय संशोधकांनी या आजाराकडे फार पूर्वी लक्ष दिले होते. १९७५ साली चंदीगढ येथील सलमान अख्तर, एन. एन. विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८२ रुग्णांच्या लक्षणांचे बारकाईने वर्गीकरण केले. त्यांना सर्वाधिक आढळलेला प्रकार होता 'शंका'. पूर्ण झालेल्या कृतीबद्दलही खात्री न वाटणे, हा त्या शंकेचा गाभा. त्याच वर्षी कोलकात्याच्या अजिता चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्याने बंगालमधल्या 'शुचिबाई'चा अभ्यास प्रसिद्ध केला. शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेने झपाटून दिवसभर धुणे, पुसणे, स्पर्श टाळणे असे करणाऱ्या व्यक्तींना बंगालीत दिलेले हे नाव आहे. सोवळ्या-ओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या मराठी वाचकाला ते परके वाटू नये. समाज ज्या वर्तनाचे कौतुक करतो त्याच्या आड आजार किती काळ लपून राहू शकतो, हा त्या अभ्यासातून आजही घेण्यासारखा धडा आहे.

आता संख्येकडे पाहू. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांमधील ओसीडीचे प्रमाण सुमारे ०.८ टक्का आढळले. आकडा छोटा वाटतो. पण देशातील प्रौढांची संख्या ९० कोटी धरली, तरी ही माणसे ७० लाखांहून अधिक होतात. याच सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांमधील उपचारांची दरी ७० ते ९२ टक्के असल्याचे दिसले. म्हणजे ज्यांना उपचारांची गरज आहे अशा दहांपैकी किमान सात जणांना ते मिळतच नाहीत. ज्यांना मिळतात, त्यांना नेमके काय मिळते, हा पुढचा प्रश्न आहे, आणि या लेखाचा खरा विषयही तोच आहे.

ज्या उपचाराबद्दल बोलत आहोत त्याचे नाव 'एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन'. भीतीला सामोरे जाणे आणि त्यानंतरचा विधी रोखणे. संक्षेपाने त्याला ईआरपी म्हणतात. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्या काळात हा आजार जवळपास असाध्य मानला जाई. मेयर यांनी रुग्णाला ज्या गोष्टींची धास्ती वाटे त्यांच्या सान्निध्यात ठेवले आणि धुण्याचा विधी करू दिला नाही. त्यासाठी परिचारिका दिवसभर सोबत राहत. खोलीतले पाणीही बंद ठेवले जाई. विधी न करताही अनर्थ घडत नाही, हे रुग्णाला अनुभवातून कळावे, अशी त्यामागची कल्पना होती. १९७४ पर्यंत त्यांच्या गटाने १५ रुग्णांवर हा उपचार केला, आणि त्यांतील १० जणांत मोठी सुधारणा झाली. पुढे स्टॅन्ली रॅकमन, आयझॅक मार्क्स, एडना फोआ यांनी ही पद्धत तपासली आणि घडवली. आज सतत पहारा आणि बंद नळ यांची जागा रुग्णाच्या संमतीने, टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या सरावाने घेतली आहे.

हा सराव प्रत्यक्षात कसा चालतो? समजा, वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थ्याला दाराच्या कडीला हात लावला की रोग होईल अशी भीती आहे. तो आणि उपचारक मिळून भीतीची एक शिडी तयार करतात. आपल्या खोलीची कडी : भीती १०० पैकी ३०. वर्गाचे दार : ४५. बसमधला दांडा : ६०. रेल्वे स्थानकावरच्या शौचालयाची कडी : ९०. मग खालच्या पायरीपासून सुरुवात. कडीला हात लावायचा, हात धुवायचा नाही, आणि त्याच हाताने वही, उशी, चेहरा यांना स्पर्श करायचा. काय होईल असे वाटते ते आधी लिहून ठेवायचे, आणि नंतर प्रत्यक्षात काय झाले ते पडताळायचे. साधारण १२ ते २० सत्रांत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सत्रांच्या मधल्या रोजच्या सरावात, तो वर चढत जातो. येथे कोणी त्याचा हात धरून कडीवर ठेवत नाही. प्रत्येक पायरी त्याने स्वतः निवडलेली असते.

याचे फलित किती, हे काटेकोरपणे मोजले गेले आहे. २००५ साली फोआ आणि सहकाऱ्यांनी १२२ प्रौढ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी ईआरपीने ८६ टक्के, क्लोमिप्रामिन या औषधाने ४८ टक्के आणि औषध नसलेल्या गोळीने १० टक्के रुग्णांना लक्षणीय गुण आला. उपचार मध्येच सोडलेल्यांनाही हिशेबात धरले तर ईआरपीचा आकडा ६२ टक्क्यांवर येतो. तरीही तो औषधाच्या ४२ टक्क्यांपेक्षा वरच राहतो. २०१३ च्या दुसऱ्या चाचणीत १०० रुग्ण होते. ते सारे औषध घेत होते, पण पुरेसा फरक पडलेला नव्हता. काहींच्या औषधाला रिस्पेरिडोनची जोड दिली, काहींना ईआरपीची, तर काहींना निव्वळ दिखाऊ गोळीची. गुण आलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे २३, ८० आणि १५ टक्के होते. हा निष्कर्ष आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. पहिली गोळी पुरली नाही की दुसरी गोळी लिहिणे, ही आपल्या गर्दीने भरलेल्या बाह्यरुग्ण विभागातली स्वाभाविक प्रतिक्रिया असते.

येथे गैरसमज नको. मी औषधांच्या विरोधात लिहीत नाही. सेरोटोनिनवर काम करणारी औषधे या आजारात उपयोगी पडतात, अनेकांना आधी औषधाने थोडा आधार मिळाल्यावरच ईआरपी झेपते, आणि डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करणे धोक्याचे असते. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या २०१७ मधील मार्गदर्शक तत्त्वांत औषध आणि ईआरपीवर आधारलेली वर्तनोपचार पद्धत या दोहोंना पहिल्या फळीत स्थान आहे. प्रश्न एवढाच, की कागदावर शेजारी शेजारी असलेल्या या दोन उपचारांपैकी एकच औषधांच्या दुकानात मिळतो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना या उपचाराची आणखी एक बाजू रंजक वाटेल. तो लागू पडतो यावर एकमत आहे. का लागू पडतो यावर वाद आहे. फोआ आणि मायकेल कोझॅक यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मनातली भीतीची रचना आधी जागी करावी लागते, आणि मग तिच्याशी विसंगत अशी माहिती तिच्यात मिसळावी लागते. सत्रादरम्यान भीती उतरणे हे प्रगतीचे लक्षण मानले गेले. पण पाव्हलोव्हच्या काळापासून एक अडचण ठाऊक होती : विझलेला प्रतिसाद काही काळाने आपोआप परततो. म्हणजे जुने शिकणे पुसले जात नाही. त्याच्या शेजारी नवे शिकणे उभे राहते आणि जुन्याला दाबून धरते. मिशेल क्रॅस्क यांनी याच धाग्यावर उपचाराची नवी मांडणी केली. तिच्यात भीती किती उतरली यापेक्षा 'मला जे घडेल असे वाटत होते ते घडले का?' हा प्रश्न मोठा ठरतो. सराव एकाच खोलीत न करता निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या वेळी करावा, खिशातली सॅनिटायझरची बाटलीही घरी ठेवावी, हे सल्ले या मांडणीला धरूनच येतात.

याच मांडणीतून आपल्या समाजाची अडचणही स्पष्ट होते. नवे शिकणे घडायचे असेल तर अनिश्चितता सोसावी लागते. 'काही होणार नाही' हे कोणीतरी सांगून भागत नाही; विधी केला नाही तरी दिवस पार पडतो, हे स्वतः अनुभवावे लागते. पण कोणी भेदरलेले दिसले की त्याला धीर देणे, हे आपल्या संस्कारांचे पहिले वळण आहे. 'अरे, गॅस बंद आहे, मी पाहिला' असे आई सांगते. वडील मुलीसाठी दार उघडून धरतात, म्हणजे तिला कडीला हात लावायला नको. पत्नी बाहेरून येताच आंघोळ करते, कारण नवऱ्याला त्याशिवाय चैन पडत नाही. यातले प्रत्येक कृत्य मायेचे आहे, आणि प्रत्येक कृत्य त्या आजाराचा विधी दुसऱ्याच्या हातून पुरा करते. तज्ज्ञ याला कुटुंबाने आजाराशी जुळवून घेणे म्हणतात. एकत्र राहणाऱ्या, एकमेकांच्या दिनक्रमात गुंतलेल्या घरांत ते किती खोलवर जात असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. आता या घरात मोबाइलही आला आहे. आई दहाव्या वेळी थकते. फोनवरचा शोध आणि गप्पा मारणारी यंत्रे शंभराव्या वेळीही तितक्याच सौजन्याने उत्तर देतात. मंत्रचळाच्या रुग्णासाठी ही सोय म्हणजे न आटणारा नळ आहे.

आणि उपचारकही याच समाजातून येतात. रुग्णाला मुद्दाम अस्वस्थ करायचे, ही कल्पना त्यांनाही जड जाते. त्याला ते सहन होणार नाही, तो पुन्हा येणार नाही, अशी धास्ती असते. ही काही केवळ भारतीय दुर्बलता नाही. एक्स्पोजरबद्दल उपचारकांच्या मनात असलेल्या या भीती मोजण्यासाठी अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ साली एक स्वतंत्र प्रश्नावलीच तयार केली. परिणामी ईआरपीऐवजी श्वासाचे व्यायाम, मन दुसरीकडे वळवणे, सकारात्मक विचार आणि भरपूर आश्वासन दिले जाते. रुग्ण हलका होऊन घरी जातो, आणि आजार त्याच्यासोबतच परततो. काही महिन्यांनी 'समुपदेशन करून पाहिले, फरक पडला नाही' असे तो सांगतो. न दिलेल्या उपचाराचे अपयश अशा रीतीने उपचाराच्या खात्यावर जमा होते.

या पद्धतीवरचे आक्षेप टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप क्रौर्याचा. घरच्यांनी चिडून रुग्णाचा हात कचऱ्यात घातला, नळ बंद केला, त्याची थट्टा केली, तर ते क्रौर्यच आहे, आणि त्याला ईआरपी म्हणता येणार नाही. संमती, क्रम आणि रुग्णाचा स्वतःचा निर्णय वगळले की उरतो तो छळ. दुसरा आक्षेप श्रद्धेचा. पूजा, नमाज, प्रार्थना यांत चूक झाली असेल या शंकेने छळलेल्या रुग्णाला आपला धर्म सोडायला सांगायचे का? मुळीच नाही. त्याच श्रद्धेचे इतर लोक जेवढ्यावर थांबतात तेवढ्यावर त्याला थांबता यावे, एवढेच उद्दिष्ट असते. जपमाळ एकदा ओढायची की चाळीस वेळा, हा प्रश्न धर्माचा नसून आजाराचा असतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : सर्वांना गुण येत नाही. काही जण नकार देतात, काही मध्येच सोडतात, काहींची लक्षणे परततात. हे मान्यच करायला हवे. पण उपचार देऊ करून नाकारला जाणे वेगळे, आणि तो कधी देऊच न करणे वेगळे.

मग करायचे काय? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार देशात एक लाख लोकसंख्येमागे सुमारे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ होते, आणि तेही प्रामुख्याने शहरांत. सर्व जबाबदारी त्यांच्यावर आणि मोजक्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांवर टाकली तर पुढची काही दशके अशीच जातील. वाट दुसरीकडे आहे आणि ती अज्ञात नाही. मेयर यांच्या पहिल्या रुग्णांसोबत दिवसभर परिचारिका होत्या. १९७० च्या दशकात आयझॅक मार्क्स यांनी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात परिचारिकांनाच वर्तनोपचारक म्हणून प्रशिक्षण दिले. आपल्याकडे गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्याच्या रुग्णांसाठी स्थानिक समुपदेशक तयार केले. हे समुपदेशक मानसोपचारातले पदवीधर नव्हते, तरी त्यांनी दिलेला थोडक्या सत्रांचा वर्तनोपचार परिणामकारक ठरला, असे २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. नैराश्यासाठी जे जमले, ते देखरेखीसह मंत्रचळासाठी जमते का, याची भारतातच चाचणी व्हायला हवी. हा संशोधनाचा विषय आहे, त्याला निधी मिळायला हवा, आणि आज मानसशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तरी तो उचलायला हवा.

दुसरी मागणी प्रशिक्षणाची. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ईआरपीवर एक प्रकरण वाचणे पुरेसे नाही. देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णासोबत ती केल्याशिवाय पदवी मिळू नये. शवविच्छेदन न करता कोणी डॉक्टर होत नाही, मग एकदाही कडीला हात न लावता उपचारक कसे होता येईल? तिसरी मागणी टेलि-मानसकडे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या या राष्ट्रीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक खेड्यातल्या रुग्णालाही लावता येतो, हे तिचे मोठे बळ आहे. अशा सेवेतील समुपदेशकाला मंत्रचळाची शंका ओळखता आली पाहिजे. तोच तो प्रश्न घेऊन पुनःपुन्हा येणाऱ्या आवाजाला आश्वासन देत राहण्याऐवजी त्याला योग्य उपचारापर्यंत नेण्याचे कौशल्य त्याला हवे. चौथी मागणी कायद्याच्या अंमलाची. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ने सरकारी खर्चाच्या सेवांमधून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने वागवावे असेही म्हटले आहे. उपचार म्हणजे केवळ गोळी आणि खाट, असा अर्थ लावला जाईल तोवर हा हक्क अर्धाच राहील.

वाचकांपैकी ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी एक सूचना. हे वाचून आजच सर्व मदत एकदम काढून घेऊ नका; ते घाताचे ठरेल. उपचारकाला स्पष्ट विचारा : तुम्ही ईआरपी करता का, कशी करता, सत्रांच्या मधला सराव कोणता, घरच्यांनी काय थांबवायचे आणि कोणत्या क्रमाने? उत्तर गुळमुळीत आले तर दुसरा उपचारक शोधण्याचा तुम्हाला अधिकार आहे. आणि रुग्णाने विचारले, 'काही होणार नाही ना?', तर त्याच्याशी आधी ठरवून घेऊन असे म्हणता येईल : 'ही शंका तुझ्या आजाराची आहे. तिचे उत्तर मी देणार नाही, पण ती जाईपर्यंत तुझ्याजवळ बसेन.' हे म्हणणे धीर देण्यापेक्षा अवघड आहे. पण मंत्रचळाच्या रुग्णाला आजवर धीर भरपूर मिळाला आहे. त्याला आता उपचार मिळायला हवा.